'द रोड नॉट टेकन'वर निबंध : "सारांश झाला, विवेचन कुठे आहे?"

रानवाट

नमस्कार मंडळी. मी एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता कॉलेज तालुक्याच्या गावी. अमेरिकन साहित्याच्या पेपरसाठी रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन'वर दीड हजार शब्दांचा निबंध द्यायचा आहे. पहिला मसुदा परत आला. शेवटी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं : 'हा सारांश झाला, विवेचन कुठे आहे?'

मला या दोन्हींतला फरक खरंच कळलेला नाही. दहावीला मी रसग्रहण लिहायचे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं, तिन्ही मुद्दे घेतले की गुण मिळायचे. बारावीला इंग्रजी कवितेचं अ‍ॅप्रिसिएशनही त्याच अंगानं. इथेही तेच केलं आणि अडले. मसुद्यातला मुख्य परिच्छेद मराठी करून देते :

'कवी जंगलातून चालला असताना त्याला दोन वाटा दिसतात. एक नेहमीची असते, दुसरीवरून फारसं कोणी गेलेलं नसतं. कवी कमी मळलेली वाट धरतो आणि त्यामुळे त्याचं आयुष्य बदलतं. वाट हे आयुष्यातल्या निवडीचं प्रतीक आहे. गर्दीमागे न जाता माणसानं स्वतःची वाट शोधावी, असा संदेश कवी देतो. फ्रॉस्टची भाषा साधी, सोपी आणि प्रवाही आहे.'

गाईडमध्येही हेच आहे. आठ दिवस हातात आहेत. नक्की काय चुकतंय?

कंदील

परिच्छेद इथे ठेवलास ते फार बरं केलंस. (तुला 'तू' म्हणतो. एकतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, माझ्या विद्यार्थिनींएवढीच असशील.)

गाईड आठ दिवस कपाटात ठेव. कविता वीसच ओळींची आहे, ती हातानं वहीत उतरून काढ. विरामचिन्हांसकट. मग मला एवढं सांग. आठव्या ओळीत 'वाँटेड वेअर' म्हणजे काय? नववी आणि दहावी ओळ मिळून काय म्हणतात? चौथ्या कडव्याचा काळ कोणता? आणि शीर्षकातली वाट कुठली, धरलेली की सोडलेली?

उत्तरं मी देणार नाही. घाईही करू नकोस.

न्यू_हँपशायरी

कंदील सरांना अनुमोदन. आमचा मुलगा इथे अकरावीला आहे, त्यालाही याच कवितेवर लिहायचं होतं. इथे शाळेत पहिल्याच दिवशी सांगतात की 'थीसिस' म्हणजे विषय नव्हे. ज्याच्याशी वर्गातला एखादा शहाणा मुलगा असहमत होऊ शकेल असं विधान हवं. 'ही कविता निवडीबद्दल आहे' याला कोण नाही म्हणेल? मग ते सिद्ध करण्यात दीड हजार शब्द कशाला घालवायचे?

अवांतर : फ्रॉस्ट १९०० पासून काही वर्षं ज्या शेतावर राहिला ते डेरी गावातलं शेत आमच्यापासून फार लांब नाही. ऑक्टोबरात या भागातलं रान पिवळं होतं तेव्हा पायवाटा पानांखाली अक्षरशः बुजतात. पहाटे कोणी गेलेलं नसेल तर पानं लख्ख पिवळी असतात. माणसं चालून गेली, दव आणि चिखल लागला, की तीच पानं दुपारपर्यंत काळी पडतात. बाराव्या ओळीतलं 'ट्रॉडन ब्लॅक' मला इथे आल्यावर कळलं. त्याआधी मी त्याला नुसतं वर्णन समजत होते. रानवाट, तो शब्द सोडू नकोस.

रानवाट

कविता दोनदा उतरून काढली. जे सापडलं ते सांगते.

'वाँटेड वेअर'मधलं 'वाँटेड' मी 'हवं होतं' असं वाचलं होतं. मोठ्या शब्दकोशात बघितलं तर जुना अर्थ निघाला : उणीव असणं. म्हणजे त्या वाटेवर गवत होतं, ती मळायची राहिली होती. इथपर्यंत गाईड बरोबर आहे.

पण लगेच पुढच्या दोन ओळी. मी मराठी केलं ते असं : 'तसं म्हणायचं तर तिथल्या जाण्यायेण्यानं दोन्ही वाटा खरं पाहता सारख्याच मळल्या होत्या.' त्यापुढे, त्या सकाळी दोन्ही सारख्याच पडून होत्या, ज्या पानांवर कोणाचं पाऊल पडून ती काळी झालेली नव्हती अशा पानांखाली. न्यू हँपशायरी ताई, तुम्ही सांगितल्यावर ही ओळ डोळ्यांसमोर आली. म्हणजे त्या दिवशी कुठल्याच वाटेनं कोणी गेलेलं नव्हतं!

मग सर, कमी मळलेली वाट कुठली? दोन्ही सारख्याच होत्या असं तोच सांगतो, तर शेवटी 'कमी मळलेली धरली' असं का म्हणतो? मला वाटतंय मी काहीतरी चुकीचं वाचतेय.

कंदील

चुकीचं वाचत नाहीयेस. हा प्रश्न म्हणजेच तुझा निबंध.

आता सारांश आणि विवेचन यांतला फरक सांगतो. सारांशात कवितेत काय घडतं ते येतं. विवेचनात कवितेतले शब्द ते कसं घडवतात आणि त्यातून कुठला पेच उभा राहतो ते येतं. आपल्याकडच्या रसग्रहणाला मी वाईट म्हणणार नाही. त्यानं मुलांचा कान तयार होतो. पण त्यात कविता सुंदर आहे हे आधीच ठरलेलं असतं आणि आपण सौंदर्याच्या जागा दाखवत जातो. एम. ए.च्या निबंधात काहीच ठरलेलं नसतं. तिथे तुला बाजू मांडायची असते, आणि पुरावा म्हणून फक्त त्या वीस ओळी असतात.

तुझ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य बघ. 'भाषा साधी, सोपी, प्रवाही.' पहिल्या बारा ओळी मिळून एकच वाक्य आहे हे उतरून काढताना लक्षात आलं का? पूर्णविराम थेट 'ब्लॅक'नंतर येतो. त्या एका वाक्यात माणूस थांबतो, एक वाट वळणापर्यंत न्याहाळतो, दुसरी धरतो, तिची बाजू घेतो, 'बहुधा' म्हणतो, 'तसं म्हणायचं तर' म्हणतो, आणि घेतलेली बाजू सोडून देतो. शब्द साधे आहेत हे खरं. वाक्य साधं नाही. मनाची चलबिचल त्या वाक्याच्या बांधणीत आहे.

'कवी' हा शब्दही बदल. कवितेतला 'मी' म्हणजे फ्रॉस्ट नव्हे. 'निवेदक' म्हण. हा फरक पाळला नाहीस तर तो निवेदक स्वतःशी खोटं बोलत असण्याची शक्यता तुला मांडताच येणार नाही.

मुरमाड

मी साहित्याचा माणूस नाही, पण या कवितेवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि गिरणी परत धरली नाही. त्यांनी शिलाईचं दुकान टाकलं. दुकानात कुणीतरी दिलेल्या कॅलेंडरचं पान होतं, त्यावर या कवितेच्या शेवटच्या तीन ओळी आणि खाली हातानं लिहिलेलं मराठी. पंचवीस वर्षं ते पान भिंतीवर होतं. सगळे गावी परत जात होते तेव्हा आपण वेगळी वाट धरली, असं ते त्या पानाकडे बोट दाखवून सांगत.

आता तुम्ही म्हणताय की दोन्ही वाटा सारख्याच होत्या, निवेदक स्वतःशी खोटं बोलतोय. मग माझे वडील चूक वाचत होते का? कविता एकदा छापली की ती वाचणाऱ्याची होते, असं मला वाटतं. ज्या ओळीनं एका माणसाला पंचवीस वर्षं उभं ठेवलं तिचा अर्थ पेपरात गुण मिळवण्यासाठी उलटा करायचा, हे मला पटत नाही.

शेवंती

मुरमाड, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं. उत्तर कंदील सर देतीलच. मी कवितेच्या जन्माची हकीकत सांगते, कारण ती या वादात येणारच आहे.

फ्रॉस्ट १९१२ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेला. पहिले दोन संग्रह तिकडेच निघाले. तिथे त्याची एडवर्ड थॉमसशी गाढ मैत्री झाली. थॉमस तेव्हा पुस्तकांची परीक्षणं आणि गद्य लिहून घर चालवत होता. फ्रॉस्टच्या आग्रहानं तो कवितेकडे वळला. ग्लॉस्टरशरमध्ये डायमॉक गावाच्या आसपास दोघं मैलोन् मैल चालायचे. थॉमसला सवय अशी की कुठल्याही वाटेनं नेलं तरी परत येताना त्याला हळहळ वाटायची, दुसरीकडून गेलो असतो तर अमुक दाखवता आलं असतं म्हणून. फ्रॉस्ट १९१५ च्या सुरुवातीला अमेरिकेत परतला आणि त्यानं ही कविता थॉमसला पाठवली. मित्राची प्रेमानं केलेली चेष्टा होती. थॉमसला ती चेष्टा वाटलीच नाही, त्यानं ती गंभीरपणे घेतली. कविता ऑगस्ट १९१५ च्या 'अटलांटिक मंथली'त आली, पुढच्या वर्षी 'माउंटन इंटर्व्हल' या संग्रहात सगळ्यात आधी छापली गेली.

थॉमसपुढे तेव्हा दोन वाटा होत्या, फ्रॉस्टच्या मागोमाग अमेरिकेला जायचं की सैन्यात भरती व्हायचं. जुलै १९१५ मध्ये तो भरती झाला. ९ एप्रिल १९१७ ला पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या आरासच्या लढाईत मारला गेला.

रानवाट, ही हकीकत मन हलवते, म्हणूनच निबंधात जपून वापर. १९४६ मध्ये विमसॅट आणि बियर्ड्‌स्ली या अभ्यासकांनी 'द इंटेन्शनल फॅलसी' या लेखात मांडलं की कवीचा हेतू हा कवितेच्या अर्थाचा निकष होऊ शकत नाही. तुमच्या अभ्यासक्रमात तो कुठेतरी असेलच. 'फ्रॉस्टला चेष्टा करायची होती, म्हणून कविता चेष्टेची आहे' असं लिहिलंस तर नेमका तोच आक्षेप येईल. मी असते तर ही माहिती दोन वाक्यांत दिली असती आणि तीही कवितेचं वाचन पूर्ण झाल्यावर.

कंदील

मुरमाड, कालपासून तुमच्याच प्रतिसादाचा विचार करतोय.

'कविता वाचणाऱ्याची' हे मला अर्धं मान्य आहे. वाचणाऱ्यानं ती संपूर्ण वाचली तर. कॅलेंडरवर शेवटच्या तीन ओळी होत्या, आधीच्या सतरा नव्हत्या. त्या तीन ओळींच्या लगेच आधी काय आहे? 'हे मी कधीतरी, युगं लोटल्यावर, एक उसासा टाकून सांगत असेन.' कमी मळलेल्या वाटेचं ते प्रसिद्ध वाक्य निवेदक आज बोलत नाही. म्हातारपणी आपण काय सांगू हे तो आजच ओळखून सांगतोय.

म्हणून 'खोटं बोलतो' हा माझा शब्द मी मागे घेतो. तो कोता होता. दोन सारख्या वाटांतली एक धरावी लागते, कारण दोन्हींनी जाता येत नाही. त्या क्षणी कारण नसतं. पुढे आयुष्य घडून जातं आणि मागे वळून बघताना माणूस त्या क्षणाला कारण देतो, कारण त्याशिवाय आयुष्याची गोष्ट सांगता येत नाही. फ्रॉस्टची कविता त्या कारण देण्याबद्दल आहे, आणि मला ती कठोर वाटत नाही. तुमचे वडील दुकानात त्या पानाकडे बोट दाखवून जे सांगत होते ते चौथ्या कडव्यातलंच आहे. त्यांना कवितेबाहेर काढायची गरज नाही.

मुरमाड

सर, खरं सांगू का. वडील ती गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायचे. गिऱ्हाईक असलं की 'मी वेगळी वाट धरली' म्हणायचे. रात्री आई आणि ते दोघंच असले की म्हणायचे, 'गावी तरी काय होतं, इथे तरी काय होतं.' दुसरं वाक्य मी कधी या कवितेला जोडलं नव्हतं. नववी-दहावी ओळ आज पहिल्यांदा वाचली.

पाटीपेन्सिल

माझा निबंध व्हिटमनच्या 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!'वर आहे. त्यातही असं काही शोधता येईल का? सगळीकडे 'कॅप्टन म्हणजे लिंकन, जहाज म्हणजे देश' एवढंच सापडतं.

कंदील

पाटीपेन्सिल, ते समीकरण एका वाक्यात संपव. लिंकनवर १४ एप्रिल १८६५ ला गोळी झाडली गेली, कविता त्याच वर्षी छापून आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू हे विचार : १८५५ पासून यमक आणि ठरावीक मापं झुगारून लांबच लांब ओळी लिहिणारा हा कवी याच कवितेत यमकाकडे आणि पालुपदाकडे का परततो? ज्या कवितेनं त्याला घराघरांत पोचवलं ती त्याच्या बाकीच्या लेखनासारखी अजिबात नाही, आणि पुढे त्याला स्वतःलाच तिचा कंटाळा आला. त्याच शोकावर त्यानं 'व्हेन लायलॅक्स लास्ट इन द डोरयार्ड ब्लूम्ड' ही दीर्घ मुक्त कविताही लिहिली. दोन्ही समोरासमोर ठेव. जमल्यास वेगळा धागा काढ, इथे रानवाटचं राहून जाईल.

मात्रावृत्त

छंदाकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. माझाही झाला होता.

आपण वृत्त मोजतो ते लघु-गुरूनं, म्हणजे अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो त्यावर. इंग्रजीत मोजायचा तो आघात, म्हणजे बोलताना पडणारा जोर. या कवितेच्या प्रत्येक ओळीत साधारण चार आघात आहेत. पहिली ओळ मोठ्यानं म्हणा : 'टू रोड्स डायव्हर्ज्ड इन अ यलो वुड'. रोड्स, व्हर्ज्ड, यल्, वुड. आघात चार, पण अवयव (सिलेबल) नऊ. नेहमीची चाल आठांची असते, इथे मध्ये एक हलका अवयव जास्तीचा आला आहे. त्यामुळे ठेका पक्का राहूनही ओळ बोलल्यासारखी वाटते. 'प्रवाही भाषा' असं मोघम लिहिण्यापेक्षा हे लिहा.

यमकांची रचना अबअअब. पाच ओळींचं कडवं, दोनच यमकं. शेवटच्या कडव्यात 'साय', 'आय', 'बाय' हे जुळतं आणि दुसरीकडे 'हेन्स' आणि 'डिफरन्स'. 'हेन्स'वर पूर्ण आघात आहे. 'डिफरन्स'चा आघात पहिल्याच अवयवावर पडतो आणि शेवट विरतो. ज्या शब्दावर सगळी कविता येऊन थांबते त्याचंच यमक सैल आहे. आणि 'फरक पडला' एवढंच तो म्हणतो, बरा की वाईट ते नाही.

अठराव्या ओळीच्या शेवटी 'अँड आय', मग लांब रेघ, आणि पुढची ओळ पुन्हा 'आय'नं सुरू. माणूस बोलताना अडला. काहीजण तिथे अभिमान ऐकतात, मला तिथे चाचरणं ऐकू येतं. दोन्ही बाजू मांडता येतील.

शेवंती

मात्रावृत्त, त्या रेघेवरून अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन आठवली. रानवाट, थोडं लांबेल, पण तुझ्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

डिकिन्सन १८८६ मध्ये गेली. जवळजवळ अठराशे कविता मागे ठेवून. हयातीत दहाच्या आसपास छापल्या गेल्या होत्या, त्याही निनावी. १८९० मध्ये मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी पहिला संग्रह काढला तेव्हा तिच्या ओळींतल्या आडव्या रेघा पुसल्या, यमकं सारखी केली, कवितांना शीर्षकं दिली. 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ' ही कविता त्यात 'द चॅरियट' नावानं आहे, आणि तिच्या सहा कडव्यांतलं चौथं कडवं गाळलेलं आहे. १९५५ मध्ये टॉमस जॉन्सननं हस्तलिखितांवरून आवृत्ती केली तेव्हा ते परत आलं.

त्या गाळलेल्या कडव्यात काय आहे? तिसऱ्या कडव्याच्या शेवटी निवेदिका म्हणते, आम्ही मावळत्या सूर्याला ओलांडून गेलो. आणि चौथं सुरू होतं : 'किंवा खरं तर, तोच आम्हाला ओलांडून गेला.' लगेच दव पडतं, थंडी वाजते, अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखा झिरझिरीत झगा असल्याचं तिला जाणवतं. कविता चर्चमधल्या स्तोत्रांच्या चालीवर आहे, आठ-सहा-आठ-सहा. आपल्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार सारखं कानात बसलेलं माप. याच कडव्यात पहिल्या दोन ओळींचं माप उलटतं, सहा मग आठ. मृत्यूबरोबरची ती शांत सफर तिथे पहिल्यांदा हादरते. १८९० ची प्रत वापरून कोणी 'डिकिन्सनला मृत्यूची भीती नव्हती' असं लिहिलं तर तो निबंध अर्ध्या कवितेवर उभा आहे.

म्हणून आधी कुठली प्रत वापरतेयस ते बघ. फ्रॉस्टचंही तसंच आहे. नेहरूंच्या टेबलावर शेवटच्या दिवसांत 'स्टॉपिंग बाय वुड्स'च्या ओळी होत्या हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या कवितेत फ्रॉस्टनं 'लव्हली, डार्क अँड डीप' असं लिहिलं. 'डार्क'नंतर स्वल्पविराम नाही. म्हणजे रान सुंदर आहे, कारण ते काळोखं आणि खोल आहे, असं वाचता येतं. फ्रॉस्ट जानेवारी १९६३ मध्ये वारला. १९६९ च्या आवृत्तीत संपादक लेथमनं तिथे स्वल्पविराम घातला आणि सुंदर, काळोखं, खोल अशी तीन वेगवेगळी विशेषणं झाली. एका चिन्हानं काळोखाची ओढ कमी झाली. मला तो बदल अजूनही सहन होत नाही.

आणि आता तुझा धागा. डिकिन्सनचं 'किंवा खरं तर' आणि फ्रॉस्टचं 'तसं म्हणायचं तर'. दोघंही आत्ताच केलेलं विधान मागे घेतात. एकीच्या संपादकांनी ती माघार कापली, दुसऱ्याच्या वाचकांनी ती वाचायची सोडून दिली. तुझा निबंध त्या एका माघारीवर उभा राहू शकतो.

रानवाट

तीन दिवस लागले. नवा परिच्छेद टाकते, मराठीतच. आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी करायचं ठरवलंय.

'निवेदक दुसरी वाट धरतो कारण ती "गवताळ" आहे. पण नवव्या ओळीत तो "तसं म्हणायचं तर" असं म्हणतो आणि दोन्ही वाटा सारख्याच मळल्याचं सांगतो. चौथ्या कडव्यात तो भविष्यकाळ वापरतो. "आय शॅल बी टेलिंग धिस विथ अ साय." त्यामुळे शेवटचं विधान विश्वासार्ह नाही. यावरून माणूस आपल्या निवडींना नंतर अर्थ देतो हे कळतं.'

कंदील

तीन दिवसांत फार पुढे आलीस. दोन जागा कच्च्या आहेत.

उसाशाची ओळ दिलीस आणि तिला तशीच सोडून पुढे गेलीस. ओळ उद्धृत केली की तिच्यातल्या एका तरी शब्दाला हात लावायचा. 'साय' म्हणजे उसासा, पण कसला? समाधानाचा की खंतीचा? कवितेनं सांगितलेलं नाही. ते न सांगणं 'डिफरन्स'च्या न सांगण्याशी जोड.

दुसरं, 'विश्वासार्ह नाही' हा न्यायालयाचा शब्द झाला. निवेदक काय गाळतो ते दाखव. पहिली ओळ आणि अठरावी ओळ शेजारी ठेवून बघ, एक शब्द गळलाय.

नियमाच्या गोष्टी पटकन : कवितेबद्दल वर्तमानकाळात लिही, ओळींचे क्रमांक कंसात दे, एका ओळीत दोन ओळी उद्धृत केल्यास मध्ये तिरपी रेघ. थॉमस शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, शेवंतीताई म्हणाल्या तसा.

रानवाट

'यलो'! पहिल्या ओळीत पिवळं रान आहे, अठराव्या ओळीत नुसतं रान.

न्यू_हँपशायरी

अगं, किती वर्षं ही कविता तोंडपाठ आहे आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मुरमाड

गावाकडच्या घरी ट्रंकेत ते कॅलेंडरचं पान आहे, भावाला फोटो पाठवायला सांगितला. अठराव्या ओळीपासूनच सुरू होतं. पिवळं रान त्यात नाहीच. खाली वडिलांच्या अक्षरात 'मी' हा शब्द दोनदा लिहिलाय, मध्ये रेघ देऊन. मूळ ओळीत आहे तशी. इतकी वर्षं मला ती खाडाखोड वाटायची.

रानवाट

मुरमाड दादा, तुमच्या वडिलांचा उल्लेख निबंधात करणार नाही, पण लिहिताना ते पान डोळ्यांसमोर होतं.

उद्या द्यायचंय. शेवटून तिसरा परिच्छेद :

'अठराव्या ओळीत निवेदक पहिली ओळ पुन्हा म्हणतो, पण तिच्यातला "पिवळा" हा शब्द गळून पडतो. पिवळ्या रंगाबरोबर तो विशिष्ट दिवस, ती पानं आणि त्यांच्यावर पाऊल न पडल्याचा पुरावाही जातो. मागे उरतं ते कुठलंही रान, ज्यात एक वाट मळलेली आणि एक न मळलेली असू शकते. "उसासा" आणि "फरक" हे दोन्ही शब्द त्या गोष्टीचा शेवट बरा की वाईट हे सांगत नाहीत. "मी" म्हटल्यावर तो अडतो आणि पुन्हा "मी" म्हणतो. त्या अडण्याच्या क्षणापर्यंत त्याला दोन्ही वाटा सारख्या असल्याचं आठवत असावं. शीर्षकानं मात्र न धरलेली वाट विसरलेली नाही. माणसाला जगण्यासाठी अशी गोष्ट रचावी लागते, असा संदेश कविता देते.'

कंदील

शेवटच्या वाक्यातून 'असा संदेश कविता देते' काढ. शीर्षकाच्या वाक्यावर थांब. बाकी जसं आहे तसं दे.

रानवाट

काढलं सर. सगळं वाक्यच काढलं.